भिंतीवरचे चित्र आणि परसातली भाजी

मुंबईहून जुन्या पुणे रस्त्याने निघालेली एस. टी. पनवेल मागे टाकून चौकच्या दिशेने धावू लागली, की डाव्या हाताला प्रबळगड आणि इर्शाळगड दिसू लागतात. खालापूर तालुक्यातील लोधिवली हे गाव याच वाटेवर आहे. समजा, या गावातील रस्त्याकडेच्या एका भिंतीवर कोणी भित्तिपत्रक, म्हणजे पोस्टर, चिकटवले आहे. एस. टी. तासाला ३६ किलोमीटर वेगाने जात असेल, तर ती एका सेकंदात १० मीटर अंतर कापते. भिंत ३० मीटरवर असताना पोस्टर नजरेस पडले, तर ते पाहायला तुम्हांला केवळ तीन सेकंद मिळतात. मग गाडी पुढे जाते.

या तीन सेकंदांत तुम्हांला एखादी गोष्ट सांगायची, ती पटवायची आणि घरी गेल्यावर तुमच्या हातून ती करवून घ्यायची, हे पोस्टरचे काम. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात (१९३९ ते १९४५) अनेक देशांच्या सरकारांनी हे काम चित्रकारांवर सोपवले होते. सैन्यात भरती व्हा, गुपिते फोडू नका, असे सांगणारी पोस्टरे तर होतीच. पण त्यांच्याच शेजारी आणखी एक साधा संदेश झळकत होता : घरच्या घरी भाजी लावा. तोफा आणि विमाने यांच्या गदारोळात सरकारला कोबी-बटाट्याची आठवण का व्हावी?

फावडे आणि जहाज

याचे उत्तर समुद्रावर होते. युद्धापूर्वी ब्रिटन आपल्या अन्नाचा मोठा भाग परदेशांतून आणत असे. युद्ध सुरू होताच जर्मन पाणबुड्या मालवाहू जहाजे बुडवू लागल्या. जहाजे मोजकी, आणि त्यांतूनच दारूगोळाही यायचा व गहूही. जी भाजी घरामागे पिकू शकते तिच्यासाठी जहाजातील जागा अडवणे परवडणारे नव्हते.

म्हणून १९३९ च्या ऑक्टोबरात ब्रिटिश सरकारने ‘विजयासाठी खणा’ अशा अर्थाची मोहीम सुरू केली. तिचे सर्वांत गाजलेले पोस्टर अगदी साधे आहे. बूट घातलेला एक पाय फावड्याचे पाते जमिनीत दाबतो आहे, इतकेच. माणसाचा चेहराही त्यात नाही. चेहरा नसल्यामुळेच पाहणाऱ्या प्रत्येकाला तो पाय आपला वाटू शकतो.

एब्राम गेम्स हा सैन्यातील पोस्टर-चित्रकार याच्याही पुढे गेला. १९४२ सालच्या त्याच्या एका पोस्टरमध्ये फावडे आणि जहाज यांच्या आकृती एकमेकींत मिसळल्या आहेत. फावडे चालवाल तर जहाज वाचेल, हा अर्थशास्त्राचा अख्खा धडा त्याने एका आकृतीत बसवला.

लोकांनी फावडी चालवली. लंडनच्या जुन्या किल्ल्याचा खंदक भाजीच्या वाफ्यांनी भरला. नागरिकांना लागवडीसाठी भाड्याने मिळणाऱ्या जमिनीच्या तुकड्यांची संख्या आठ लाखांवरून सुमारे चौदा लाखांवर गेली. अमेरिकेत १९४३ साली सुमारे दोन कोटी ‘विजय-बागा’ होत्या आणि देशातील ताज्या भाजीपैकी सुमारे ४० टक्के भाजी त्यांतून आली, असा त्या वेळचा अंदाज आहे.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. या देशांत पोस्टरच्या पाठोपाठ जमिनीचा तुकडा, बियाणे आणि लागवडीची माहितीपत्रकेही लोकांपर्यंत पोचत होती. हा मुद्दा पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे.

डोळ्याचे गणित

चित्रकार पोस्टरवर इतके थोडे शब्द का लिहितो? त्याचे कारण आपल्या डोळ्याच्या रचनेत आहे.

निरोगी डोळ्याला दोन बिंदू वेगळे दिसायचे, तर त्यांनी डोळ्याशी निदान एका कला-मिनिटाचा कोन करावा लागतो. एक कला-मिनिट म्हणजे एका अंशाचा साठावा भाग. अक्षर ओळखायला त्याच्या उंचीने याच्या पाचपट, म्हणजे पाच कला-मिनिटांचा कोन करावा लागतो. नेत्रवैद्याच्या तक्त्यावरील अक्षरे याच नियमाने आखलेली असतात. सहा मीटरवरून वाचायच्या ओळीतील अक्षर सुमारे ८.७ मिलिमीटर उंच असते. हाच हिशेब ३० मीटरला लावला, तर अक्षर सुमारे ४४ मिलिमीटर उंच हवे.

पण ही झाली किमान उंची. धावत्या गाडीतून सहज वाचता यावे म्हणून ती तिप्पट-चौपट ठेवावी लागते. शिवाय आपल्या देवनागरीत काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे आहेत. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांत फरक एवढासाच. लांबून पाहणाऱ्याने ‘धान्य’चे ‘घान्य’ वाचले तर दोष त्याच्या डोळ्याचा नसून अक्षर काढणाऱ्याचा आहे. एवढी मोठी अक्षरे घेतली, की कागदावर चार-पाच शब्दांपलीकडे जागाच उरत नाही. उरलेले सारे चित्राने बोलायचे.

आपल्या देशात चित्राची गरज याहूनही मोठी होती. १९५१ च्या जनगणनेत साक्षरतेचे प्रमाण सुमारे १८ टक्के होते. म्हणजे त्या काळी पाच माणसांपैकी चौघांना पोस्टरवरील शब्द वाचताच येत नव्हते.

दगड, तेल आणि पाणी

हजारो भिंतींवर एकच चित्र पोचवायचे, तर त्याच्या हजारो प्रती हव्यात. त्यासाठी दीर्घकाळ वापरली गेलेली पद्धत म्हणजे शिळाछाप, म्हणजेच लिथोग्राफी. अठराव्या शतकाच्या अखेरीस आलॉइस झेनेफेल्डर याने ती शोधून काढली. तेल आणि पाणी मिसळत नाहीत, ही तुमच्या स्वयंपाकघरात रोज दिसणारी गोष्ट तिच्या मुळाशी आहे.

चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट खडूने चित्र काढतात. मग सौम्य आम्ल आणि डिंक यांचे मिश्रण लावून शिळा ओली करतात. चित्राचा तेलकट भाग पाणी धरत नाही; कोरा भाग मात्र ओला राहतो. आता तेलकट शाईचा रूळ फिरवला, की शाई फक्त चित्रावर बसते आणि ओल्या भागावरून निसटते. वर कागद दाबला, की चित्र उमटले. प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा लागते. पुढे जड शिळांच्या जागी जस्ताचे पातळ पत्रे आले. तत्त्व मात्र तेच राहिले.

या कलेचे एक मोठे केंद्र लोधिवलीहून फार दूर नव्हते. बोरघाट चढून लोणावळ्याच्या पुढे गेले, की मळवली लागते. राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईहून तेथे हलवण्यात आला होता. देवादिकांची त्याची रंगीत चित्रे घरोघर लागली होती. पुण्याच्या चित्रशाळा छापखान्यानेही १८७८ पासून हेच काम केले. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत १९३५ साली जाहिरात-कलेचे शिक्षण सुरू झाले. म्हणजे युद्ध आपल्या दाराशी आले तेव्हा चित्रकार, छपाई आणि छापील चित्र पाहण्याची सवय या तिन्ही गोष्टी महाराष्ट्रात तयार होत्या.

रंगूनचा तांदूळ थांबला

युद्ध दाराशी आले ते ब्रह्मदेशाच्या बाजूने. १९४२ च्या मार्चमध्ये जपानने रंगून जिंकले. तोपर्यंत हिंदुस्थानात दरवर्षी दहा लाख टनांहून अधिक तांदूळ ब्रह्मदेशातून येत असे. तो एकाएकी थांबला. मुंबई शहर आणि भातखाऊ कोकण यांना त्याची झळ लागणारच होती.

त्याच वर्षी सरकारने ‘अधिक धान्य पिकवा’ ही मोहीम सुरू केली. पडीक जमीन लागवडीखाली आणा, कापसाऐवजी धान्य पेरा, विहिरी खणा, असा तिचा आशय होता. १९४३ च्या मे महिन्यात मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले. १९४४ साली मुंबई प्रांतात अन्नपिकांच्या लागवडीसाठी कायदाही झाला. युद्ध संपले तरी टंचाई संपली नाही. १९४६ साली देशात प्रौढ माणसाचे रेशन दिवसाला १२ औंसांवर आणावे लागले.

बारा औंस म्हणजे किती? सुमारे ३४० ग्रॅम. शंभर ग्रॅम तांदळातून अथवा गव्हातून साधारण ३४५ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. म्हणजे ३४० ग्रॅममधून सुमारे १,१७० किलोकॅलरी. मध्यम श्रमाचे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला सुमारे २,७०० किलोकॅलरी लागतात. उरलेल्या १,५०० कोठून आणायच्या?

समजा, परसातील दुधी भोपळ्यातून आणायच्या ठरवल्या. शंभर ग्रॅम दुधीत सुमारे १५ किलोकॅलरी असतात. हिशेब करा : माणसाला रोज दहा किलो दुधी खावा लागेल! हीच ऊर्जा रताळ्यांतून घ्यायची, तर दीड किलोहून थोडी कमी रताळी पुरतात. ब्रिटनच्या पोस्टरांवर बटाट्याला नायकाचा मान का मिळाला, ते यावरून कळेल. पालेभाजी आणि वेलभाजी धान्याची जागा घेऊ शकत नाहीत. कंदमुळे काही अंशी घेऊ शकतात. आपल्या डोंगरातील ठाकूर आणि कातकरी लोक हे फार पूर्वीपासून जाणतात. टंचाईच्या दिवसांत करांदे आणि इतर रानकंद खणून आणणे ही त्यांची जुनी रीत आहे.

जे पोस्टरवर नव्हते

‘अधिक धान्य पिकवा’ हे शब्द भिंतींवर असतानाच १९४३ साली बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने मृतांची संख्या सुमारे १५ लाख धरली. नंतरचे काही अंदाज ३० लाखांपर्यंत जातात.

तेथे धान्य अजिबात पिकले नव्हते का? अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या प्रश्नाचा आकडेवारीनिशी विचार केला आहे. त्यांच्या मते १९४३ मधील धान्याचा पुरवठा १९४१ पेक्षा कमी नव्हता. मात्र भाव इतके चढले होते, की शेतमजूर, कोळी आणि कारागीर यांना तांदूळ विकत घेणे अशक्य झाले. याविषयी इतर अभ्यासकांची मते वेगळी आहेत. तरी एक गोष्ट स्पष्ट आहे : ज्याच्याजवळ वीतभरही जमीन नाही, त्याला ‘अधिक पिकवा’ असे सांगून काय उपयोग?

हे सांगायलाही एक चित्रकारच पुढे आला. चित्तप्रसाद भट्टाचार्य दुष्काळग्रस्त मिदनापूर भागात पायी हिंडले आणि उपाशी माणसांची शाईने रेखाटने करीत गेले. त्यांचे ‘हंग्री बेंगॉल’ हे पुस्तक इंग्रज सरकारने जप्त केले आणि त्याच्या प्रती जाळल्या. पुढे १९४६ पासून ते मुंबईतच राहिले. एकाच भुकेची ही दोन चित्रे. एक सरकारने भिंतीवर लावले, दुसरे आगीत टाकले. चित्राची ताकद सरकारला किती चांगली ठाऊक होती, ते यावरून दिसते.

मोहिमेचे फलित तपासण्यासाठी स्वतंत्र भारताच्या सरकारने व्ही. टी. कृष्णम्माचारी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९५२ साली आला. खेड्यातील जीवनाची सारी अंगे एकमेकांत गुंतलेली असतात. सुट्या सुट्या उपायांनी उत्पादन टिकाऊपणे वाढत नाही, असे तिने दाखवून दिले. यातूनच १९५३ साली राष्ट्रीय विस्तार सेवा सुरू झाली आणि खेडोपाडी ग्रामसेवक जाऊ लागला. कागदी पोस्टरच्या जागी हे चालतेबोलते पोस्टरच आले, असे म्हणा ना! त्याला प्रश्न विचारता येत होता, आणि बियाणे कोठे मिळेल हे तो सांगू शकत होता.

१९६५ च्या युद्धात पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी जवान आणि किसान यांचा जयजयकार एकाच घोषणेत केला. आठवड्यातून एक वेळ जेवण सोडा आणि अंगणात भाजीपाला लावा, असेही त्यांनी सांगितले. या वेळी मात्र घोषणेच्या पाठीशी विज्ञान उभे राहत होते. ज्वारीचे संकरित वाण १९६४ मध्ये आले होते, भाताच्या बुटक्या जाती येऊ घातल्या होत्या. आपल्या शेजारच्या कर्जतच्या भात संशोधन केंद्रानेही पुढे ‘कर्जत-३’ सारख्या जाती आणि १९९८ साली ‘सह्याद्री’ हे संकरित वाण दिले.

गाजराची गोष्ट

पोस्टरवरील मजकूर नेहमी खराच असतो का? ब्रिटनमध्ये एक गमतीची गोष्ट घडली. ब्रिटिश वैमानिक रात्रीच्या अंधारात शत्रूची विमाने अचूक पाडू लागले. खरे कारण होते विमानात बसवलेले रडार. ते गुप्त ठेवायचे होते. तेव्हा, आमचे वैमानिक पुष्कळ गाजरे खातात म्हणून त्यांना अंधारात दिसते, अशी बातमी पसरवली गेली. पोस्टरांवरही ‘डॉक्टर कॅरट’ हसू लागले.

यात खरे किती आणि खोटे किती? गाजरातील बीटा-कॅरोटीनपासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व तयार करते. डोळ्यातील दंडपेशींना मंद उजेड टिपण्यासाठी जे रंगद्रव्य लागते ते याच जीवनसत्त्वापासून बनते. त्याची उणीव पडली की रातांधळेपणा येतो, आणि ती भरून काढली की तो बरा होऊ शकतो. इतके खरे. पण ज्याला पुरेसे ‘अ’ जीवनसत्त्व मिळते आहे, त्याने टोपलीभर गाजरे खाल्ली तरी त्याला मांजरासारखे दिसू लागणार नाही. पोस्टरने सत्याचा अर्धा भाग घेतला आणि तो मोठ्या अक्षरांत लिहिला.

आपल्याकडे या कामासाठी गाजरच हवे असेही नाही. शेवग्याचा पाला, माठ, अळू, तांबडा भोपळा आणि पिकलेली पपई यांत बीटा-कॅरोटीन भरपूर असते. ते तेलात विरघळते. म्हणून भाजीला दिलेली फोडणी केवळ चवीची नसते. तेलामुळे ते शरीरात अधिक चांगले शोषले जाते.

लोधिवलीचे पोस्टर कसे असेल?

आता त्या रस्त्याकडेच्या भिंतीकडे परत येऊ. ब्रिटनचे ते गाजलेले पोस्टर जसेच्या तसे येथे लावले तर? बूट घालून फावड्यावर पाय देणारा माणूस येथील शेतकऱ्याला परका वाटेल. आपले फावडे आणि कुदळ हातांनी उचलून जमिनीत मारायची आणि माती स्वतःकडे ओढायची असते. पायाने दाबायचे पाते आपल्या हत्यारांत सहसा नसते. तेव्हा चित्रातील हत्यार बदलायला हवे, आणि पीकही.

पाण्याचा हिशेब तर सर्वांत आधी. या भागात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो. शंभर चौरस मीटरच्या परसावर हे पाणी किती झाले? तीन मीटर गुणिले शंभर चौरस मीटर, म्हणजे ३०० घनमीटर; तीन लाख लिटर! पण ते जवळजवळ सारे जून ते ऑक्टोबरमध्ये पडते आणि उतारावरून पाताळगंगेकडे वाहून जाते. फेब्रुवारी ते मे या काळात आभाळातून थेंबही मिळणे कठीण.

आपल्या आजीने हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. पावसाळ्यात मांडवावर पडवळ, शिराळी, कारली आणि काकडी. भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर वाल. वालाच्या मुळांवरील गाठींत राहणारे जीवाणू हवेतील नत्र जमिनीत धरून ठेवतात, म्हणजे पिकाबरोबर खतही मिळते. उन्हाळ्यात मोरीच्या सांडपाण्यावर अळू आणि केळ, आणि कुंपणाशी शेवगा. हे वेळापत्रक कोणत्याही सरकारी पत्रकापेक्षा जुने आहे. भारतीय आहारतज्ज्ञांनी २०२४ च्या शिफारशीत प्रौढ माणसाला रोज ४०० ग्रॅम भाज्या सुचवल्या आहेत. पाच माणसांच्या घराला दिवसाला दोन किलो भाजी लागेल. रोज एवढी भाजी विकत घेणे किती घरांना परवडते, ते तुम्हीच आपल्या आईला विचारून पाहा.

करून पाहा

शाळांनी पोषणबागा लावाव्यात यासाठी केंद्र सरकारने २०१९ साली मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. तुमच्या शाळेत तशी बाग असेल, तर तिच्यासाठी हा प्रयोग करता येईल.

वर्गाचे गट पाडा. प्रत्येक गटाने एक पोस्टर काढावे : चित्र एक, शब्द जास्तीत जास्त पाच, अक्षरांची उंची वर दिलेल्या नियमाने काढलेली. दुसऱ्या वर्गातील मुलांना ते ३० मीटरवरून फक्त तीन सेकंद दाखवा आणि त्यांना काय आठवते ते लिहून घ्या. सर्वांत चांगले ठरलेले पोस्टर निवडा.

आता खरी परीक्षा. गावातील सारख्याच परिस्थितीच्या दोन आळ्या घ्या. एका आळीत फक्त पोस्टर लावा. दुसरीत पोस्टर लावा आणि घरोघर माठ, भेंडी, पडवळ यांचे मूठभर बी द्या, ते कसे लावायचे हेही सांगा. दीड महिन्याने दोन्ही आळ्यांत किती घरांच्या परसात नवी भाजी उगवली ते मोजा. मोजणी झाली, की पहिल्या आळीलाही बी द्यायला विसरू नका. आपल्या प्रयोगासाठी कोणाचा तोटा होता कामा नये. ज्या घरांना परसच नाही त्यांचीही वेगळी नोंद करा. त्यांच्यासाठी काय करता येईल, याचा विचार वर्गात व्हायला हवा. डबा, जुनी बादली, शाळेच्या बागेतील एखादा वाफा?

१९४२ साली हा साधा प्रयोग कोणी आधी करून पाहिला असता, तर ‘अधिक धान्य पिकवा’ या तीन शब्दांखाली बियाणे, पाणी आणि जमीन यांचीही सोय लिहावी लागली असती. तुमच्या मोजणीत काय आकडे येतात, ते वहीत तारखेसह लिहून ठेवा आणि पुढच्या वर्षीच्या वर्गाला द्या.